'गुड', 'नाइस', 'व्हेरी' यांच्याऐवजी काय म्हणावं?

प्रश्न: रोजच्या इंग्रजी बोलण्यात माझे तेच तेच शब्द येतात. गुड, नाइस, व्हेरी, थिंग. समानार्थी शब्दांची यादी पाठ करून त्यांच्या जागी जरा भारदस्त शब्द आणता येतील का?

उत्तर:

यादी मीही पाठ केली होती. 'व्हेरी टायर्ड नको, एक्झॉस्टेड म्हणा. व्हेरी सॅड नको, डिव्हॅस्टेटेड म्हणा' अशा धाटणीची, शंभरेक जोड्यांची. कपाटाच्या दाराला चिकटवून रोज पाच घोकायचे. त्याच आठवड्यात परदेशातल्या एका क्लायंटबाईंचा फोन आला. ठरलेली मीटिंग त्यांना पुढे ढकलायची होती. मी नुकतंच पाठ झालेलं अस्त्र बाहेर काढलं आणि म्हणाले, 'ओह, आय ॲम डिव्हॅस्टेटेड.' पलीकडे दोन सेकंद काहीच आवाज नाही. मग बाईंनी अगदी हळू विचारलं, 'इज एव्हरीथिंग ऑलराइट?'

डिव्हॅस्टेटेड म्हणजे उद्ध्वस्त. जवळचं माणूस गेलं, सगळं होत्याचं नव्हतं झालं, तेव्हाचा शब्द. लोक तो गमतीने, अतिशयोक्ती म्हणूनही वापरतात, पण त्याला आवाजात एक खट्याळपणा लागतो आणि माझा आवाज तर परीक्षेत उत्तर दिल्यासारखा होता. मीटिंग पुढे गेल्यावर 'दॅट्स अ शेम' एवढंच पुरतं. ते माझ्या यादीत नव्हतंच, कारण त्यात अवघड असं काही नाही.

तेव्हा यादी पाठ करू नका. आधी एक काम करा. (हे 'एक काम करा' आपल्या इंग्रजीत 'डू वन थिंग' होऊन उतरतं, म्हणजे तुमचा एक 'थिंग' तिथेच सापडला.) पाच मिनिटं कुणाशीही इंग्रजीत बोला, ते फोनवर रेकॉर्ड करा आणि कागद घेऊन ऐका. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, पण ऐका. मला वाटत होतं की माझा गुन्हेगार 'गुड' असेल. 'गुड' चारदाच आला होता. 'ॲक्च्युअली' सतरा वेळा. शिवाय 'म्हणजे' म्हणताना मी दर दुसऱ्या वाक्यात 'मीन्स' म्हणत होते, आणि त्यावर कुठल्याच यादीत औषध नव्हतं. 'ॲक्च्युअली'च्या जागी दुसरा शब्द शोधायचाच नसतो, तिथे गप्प बसायचं असतं. अर्ध्या सेकंदाच्या शांततेने आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं, ऐकणाऱ्याला ती जाणवतही नाही.

आता 'गुड'. हा शब्द वाईट नाही. तो आपण विचार टाळण्यासाठी वापरतो, ही खरी अडचण आहे. 'द ट्रेनिंग वॉज व्हेरी गुड' हे वाक्य घ्या. इथे 'गुड' काढून 'एक्सलंट' घातला तर ऐकणाऱ्याला नवीन काय कळलं? काहीच नाही, फक्त आवाज मोठा झाला. त्यापेक्षा स्वतःला मराठीत विचारा: चांगलं म्हणजे कसं चांगलं? मग उत्तरं येतात. अवघड विषय सोपा करून सांगितला: 'शी मेड इट इझी टु फॉलो.' एकदाही कंटाळा आला नाही: 'आय डिडन्ट लुक ॲट माय वॉच वन्स.' उद्यापासून वापरता येईल असं काहीतरी हाती लागलं: 'आय कॅन युज इट टुमॉरो.' या तिन्ही वाक्यांत शाळेत न शिकलेला एकही शब्द नाही. तरी 'एक्सलंट' म्हणणाऱ्यापेक्षा हे बोलणाऱ्याचं इंग्रजी आपल्याला चांगलं वाटतं.

'नाइस'चंही तेच, फक्त त्याची कुळकथा मजेशीर आहे. लॅटिनमधल्या 'अजाण' या अर्थाच्या शब्दापासून तो आला आणि मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ 'मूर्ख' असा होता. शतकानुशतकं झिजत झिजत तो आजच्या बिनचेहऱ्याच्या 'छान'पर्यंत पोचला. 'ऑफुल' एकेकाळी दरारा बसवणारा होता, 'टेरिफिक' घाबरवणारा. 'व्हेरी' तर जुन्या फ्रेंचमधल्या 'खरा' या अर्थाच्या शब्दातून आलाय. आपण 'खरंच छान' म्हणतो, तसंच. जोर देणारे शब्द फार वापरले की बोथट होतात, मग लोक नवे आणतात, तेही बोथट होतात. म्हणून 'गुड'ऐवजी सगळीकडे 'अमेझिंग' म्हणायला लागणं म्हणजे एका खड्ड्यातून दुसऱ्यात. 'ऑसम'चं काय झालं ते आपल्या डोळ्यांसमोर आहे.

'व्हेरी'वर मात्र मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे मराठी माणसाच्या हातात आयता ठेवा आहे आणि त्याला त्याचा पत्ता नाही.

आपण 'खूप ओला' म्हणतो का? ओलाचिंब म्हणतो. खूप काळा नाही, काळाकुट्ट. खूप नवा नाही, कोरा करकरीत. आता इंग्रजी बघा. ओलाचिंब: 'सोकिंग वेट'. काळाकुट्ट: 'पिच ब्लॅक'. कोरा करकरीत: 'ब्रँड न्यू'. कोरडा ठणठणीत: 'बोन ड्राय'. टक्क जागा: 'वाइड अवेक'. गाढ झोपलेला: 'फास्ट अस्लीप', आणि तिथल्या 'फास्ट'चा वेगाशी काही संबंध नाही, तो 'घट्ट' या अर्थाचा जुना 'फास्ट' आहे. दोन्ही भाषांना एकच खोड: प्रत्येक विशेषणाला त्याचा स्वतःचा जोडीदार. 'चिंब' पांढऱ्याला लागत नाही, 'शुभ्र' काळ्याला लागत नाही, तसंच 'पिच' फक्त काळ्याला आणि अंधाराला. हे शब्द साधे आहेत, रोजच्या बोलण्यातले आहेत आणि 'व्हेरी' त्यांनी आपोआप हद्दपार होतो.

यातूनच आणखी एक गोष्ट सुटते. 'व्हेरी एक्झॉस्टेड' कानाला खटकतं, 'ॲब्सल्यूटली एक्झॉस्टेड' चालतं. व्याकरणाची पुस्तकं याला दोन-तीन पानं देतात. मराठीत ते एका ओळीत कळतं: 'खूप ओलाचिंब' कुणी म्हणत नाही, 'पार ओलाचिंब' म्हणतो. जो शब्द आधीच टोकाला पोचलाय त्याला 'खूप' लागत नाही, 'पार' लागतो. 'टायर्ड'ला 'व्हेरी', 'एक्झॉस्टेड'ला 'ॲब्सल्यूटली' किंवा 'कम्प्लीटली'. 'कोल्ड'ला 'व्हेरी', 'फ्रीझिंग'ला 'ॲब्सल्यूटली'.

लोक विशेषणांच्याच मागे लागतात, आणि मला ते उलटं वाटतं. बोलणं जिवंत होतं ते क्रियापदांनी. 'बघणे' घ्या. ओझरतं बघितलं तर 'ग्लान्स', टक लावून 'स्टेअर', डोळे वटारून 'ग्लेअर', चोरून डोकावलं तर 'पीक', नीट दिसत नाही म्हणून डोळे बारीक करून 'पीअर'. 'ही लुक्ड ॲट मी ॲंग्रिली' मधल्या 'लुक्ड' आणि 'ॲंग्रिली' या दोन शब्दांचं काम 'ही ग्लेअर्ड ॲट मी'मधला एकटा 'ग्लेअर्ड' उरकतो. 'गो'चंही तसंच. मीटिंग चालू असताना एक जण बाहेर गेला. गेला, की सटकला? सटकला असेल तर 'ही स्लिप्ट आउट'. तावातावाने निघून गेला असेल तर 'ही स्टॉर्म्ड आउट'. मराठीत आपण 'गेला' न म्हणता 'सटकला' सहज म्हणतो, म्हणजे फरक डोक्यात आहेच, फक्त त्याचं इंग्रजी नाव माहीत नाही.

आता 'भारदस्त' या शब्दाबद्दल. तो डोक्यातून काढाच. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबार फ्रेंच बोलत राहिला. त्यामुळे इंग्रजीत एकाच अर्थाचे दोन मजले तयार झाले. खाली घरचे शब्द: 'बाय', 'हेल्प', 'आस्क'. वर दरबारातून आलेले: 'परचेस', 'असिस्ट', 'इन्क्वायर'. अर्जात, करारात वरचे शोभतात, गप्पांत खालचे. 'स्टार्ट'च्या जागी 'कमेन्स' घातला म्हणजे शब्दसंग्रह वाढला असं वाटतं, पण घरात कुणी 'मी आता स्नानास प्रारंभ करतो' म्हणालं तर काय होईल? तेच तिकडे होतं. बोलण्यातल्या इंग्रजीची श्रीमंती बहुतेक वेळा दोन छोट्या शब्दांच्या जोडीत असते. पुढे ढकलणं 'पुट ऑफ', अचानक भेट होणं 'रन इंटू', काहीतरी सुचणं 'कम अप विथ', डोकं लढवून उलगडणं 'फिगर आउट'. यादीवाल्यांना हे शब्द गरीब वाटतात. बोलणाऱ्यांना वाटत नाहीत.

पीटर मार्क रॉजे नावाच्या डॉक्टरांचा प्रसिद्ध समानार्थी कोश १८५२ साली निघाला. त्यात शब्द अकारविल्हे न लावता अर्थानुसार गट पाडून मांडले होते. माझ्या मते असा कोश माहीत असलेला पण ऐन वेळी न आठवणारा शब्द शोधायला उत्तम, अनोळखी शब्द उचलायला धोक्याचा. 'थिन'खाली 'स्लिम' आणि 'स्किनी' शेजारी बसलेले दिसतात. एक ऐकून माणूस खूश होतो, दुसरा ऐकून नाही. शिवाय शब्दांची संगत कोश सांगत नाही. आपल्याकडे पाऊसही जोराचा, वाराही जोराचा. इंग्रजीत पाऊस 'हेवी' आणि वारा 'स्ट्राँग'. अदलाबदल केली तर अर्थ कळतो, पण वाक्य अडखळतं. म्हणून नवा शब्द भेटला की तो इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या कोशात बघा. लाँगमन, ऑक्सफर्ड यांचे असे कोश ऑनलाइन फुकट आहेत, त्यांत उदाहरणाची वाक्यं असतात आणि शब्द औपचारिक असेल तर तसं लिहिलेलं असतं. लाँगमनच्या शिकाऊ कोशातल्या व्याख्या साधारण २,००० सोप्या शब्दांतच लिहिलेल्या आहेत. एवढ्या शब्दांत अख्खा कोश समजावून सांगता येतो, तर आपली मीटिंगही निभते.

सराव कसा करायचा? आठवड्याला तीन-चार शब्द, जास्त नाही, आणि तेही वाचताना-ऐकताना स्वतःला भेटलेले. प्रत्येकाचं आपल्या आयुष्यातलं खरं वाक्य करायचं आणि मोठ्याने म्हणायचं. 'स्टॉर्म्ड आउट' शिकलात तर गेल्या महिन्यात कोण तणतणत निघून गेलं ते आठवा आणि त्याच्यावर वाक्य करा; तो माणूस आठवला की शब्द आठवतो. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने न बघता पुन्हा म्हणा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरलं जातं. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी. आणि बोलताना शब्द आठवला नाही तर थांबून शोधत बसू नका, 'गुड' म्हणा आणि पुढे चला. समोरच्याला तुमचं म्हणणं हवं असतं.

महिन्याने पुन्हा पाच मिनिटं रेकॉर्ड करून पहिल्याशी ताडून बघा. माझे 'मीन्स' जवळपास गेलेत. 'ॲक्च्युअली' सतरावरून सहावर आलाय, आणि त्यातले दोन, खरं सांगायचं तर, तिथे हवेच होते.