उजनीच्या पाण्यासाठी पंखा निवडताना

बोटीचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, निवडताना आधी वेग विसरा. वेकबोर्डसाठी, म्हणजे बोटीमागं दोरी धरून फळीवर उभं राहून सरकण्यासाठी, बोट ताशी 32 ते 37 किलोमीटरनेच पळवायची असते. खरी गरज असते ती वजनासाठी पोत्यांत पाणी भरलेली जड बोट झटक्यात वर उचलायची.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, समजा 14.5 × 14.25. पहिला व्यास, दुसरा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदोपत्री जेवढा पुढे सरकतो तेवढे इंच. नवखा माणूस बोट रिकामी पळवून पिच ठरवतो आणि तिथंच फसतो. पाणी भरा, नेहमीची माणसं बसवा, थ्रॉटल पूर्ण द्या आणि इंजिनचा आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, वाचा. तो इंजिनच्या पुस्तकातल्या पल्ल्यापेक्षा कमी आला तर पिच उतरवा. एका इंचाला साधारण 200 आरपीएम वाढतात. पल्ल्याच्या वर गेला तर पिच चढवा.

उजनी समुद्रसपाटीपासून जवळपास 500 मीटर उंच, त्यात आपला सोलापूरचा मे महिना. हवा विरळ, त्यामुळं इंजिनची ताकद घटते. म्हणून चाचणी उन्हाळ्यातच घ्या. थंडीत जुळलेला पंखा मे महिन्यात जड वाटतो.

पाणी उतरलं की बुडालेल्या बाभळीची खोडं वर येतात, म्हणून सुटा पंखा जवळ ठेवाच. काढताना हातोडा मारू नका, पुलर, म्हणजे पंखा ओढून काढायचं हत्यार, लावा. मच्छीमारांच्या नायलॉन जाळ्याचा धागा शाफ्टला, म्हणजे पंख्याच्या दांड्याला, गुंडाळला असेल तर आधी तो कापा. आणि हो, उजवा की डावा फिरतो हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.