हॉस्टेल की अप-डाऊन?

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडची, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीची, यादी लागली की मला येणाऱ्या फोनचा विषय बदलतो. तोवर विचारणा असते ‘कुठली ब्रँच’ अशी, यादी लागल्यावर ‘राहणार कुठे’ अशी. मी डोंबिवलीत समुपदेशन करते, त्यामुळे विचारणारे बहुतेक कल्याणच्या पलीकडचे. बदलापूर, नेरळ, कर्जत, नाहीतर टिटवाळा, आसनगाव. कॉलेज दादर, सायन, विलेपार्ले असं कुठेतरी. अंतर मोठं अडनिडं. हॉस्टेलवर ठेवलं तर नातेवाईक म्हणणार, ‘इथल्या इथे हॉस्टेल कशाला?’ आणि घरून पाठवलं तर पोर अंधारात निघणार, अंधारात परतणार. लातूरच्या नाहीतर सांगलीच्या आईबापांना हा घोळ नाही, त्यांना हॉस्टेल शोधायचंच असतं.

‘मॅडम, जाऊन-येऊन चार तास. जमेल का तिला?’ या प्रश्नाला मी फोनवर हो किंवा नाही म्हणत नाही. का म्हणत नाही, ते सायलीच्या घरच्या गोष्टीवरून सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, लिहायला घरच्यांची परवानगी आहे.

सायली वांगणीची. दादरजवळच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश. वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत, शिफ्टची नोकरी. आई घरी, भाऊ नववीत, आणि आजी. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला तेव्हा दोन केट्या लागल्या, म्हणजे दोन विषय राहिले, मॅथ्स आणि मेकॅनिक्स. बारावीला बऱ्यापैकी मार्क असलेली मुलगी. तिघं माझ्याकडे आली ती निर्णय जवळपास घेऊनच. निदान वडिलांनी तरी घेतला होता.

‘आता हॉस्टेलच,’ ते म्हणाले. खिशातून कागद काढला. घर ते स्टेशन पंधरा मिनिटं, गाडीत दीड तास, दादरहून पुढे वीस मिनिटं, गाडी लेट झाली तर वेगळं. ‘अभ्यास करणार कधी? आणि पावसाळ्याचं काय? २०१९ साली महालक्ष्मी एक्स्प्रेस आमच्याच वांगणीजवळ पाण्यात अडकली होती. हजारेक माणसं. एनडीआरएफ, नेव्ही सगळं आलं होतं. आम्ही डोळ्यांनी बघितलंय.’

आईचा सूर निराळा. ‘दोन विषय राहिले म्हणून पोरीला घराबाहेर काढायचं का? घरचं ताजं जेवण मिळतं, डोळ्यासमोर असते. तिथे कोण बघणार तिच्याकडे?’

सायलीला विचारलं तर म्हणाली, ‘काहीही चालेल. तुम्ही ठरवा.’

अठरा वर्षांची मुलगी स्वतःच्या राहण्याबद्दल ‘तुम्ही ठरवा’ म्हणते तेव्हा माझे कान टवकारतात. ज्यांना हॉस्टेलला जायचं असतं ती मुलं भांडतात. ज्यांना जायचं नसतं तीही भांडतात. मी आईवडिलांना बाहेर बसायला सांगितलं.

एकटी असताना ती आधी गाडीबद्दलच बोलली, आणि तक्रारीच्या सुरात मुळीच नाही. पहाटेच्या कर्जत लोकलला वांगणीला खिडकी मिळते. बदलापूरला डबा भरतो, अंबरनाथपासून बाया चौथ्या सीटवर, म्हणजे तिघींच्या बाकाच्या कडेला, टेकायला लागतात. ‘कुठे उतरणार?’ असं बोट करून विचारत एकेक जण पुढची जागा बांधून घेते. सायली ‘दादर’ म्हणाली की तिला पुन्हा कुणी विचारत नाही. नेरळहून बसणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एक काकू तिची जागा धरायच्या, डब्यातलं काहीबाही हातावर ठेवायच्या. आणि मग ती म्हणाली, ‘गाडीत मला छान झोप लागते. अंबरनाथ ते घाटकोपर कळतही नाही.’

मला ते खटकलं. गाडीत डुलकी कुणालाही लागते, पण रोज, इतकी गाढ?

मी तिला आठवडाभराची वही लिहायला दिली. अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने, त्यात काय केलं ते दोन शब्दांत. चांगलं-वाईट काही लिहायचं नाही. आणि रात्रही धरायची. हे मी या प्रश्नाच्या बाबतीत बहुतेक सगळ्यांना करायला लावते. प्रवासाचे तास सगळ्यांना तोंडपाठ असतात, बाकीच्या तासांचा पत्ता नसतो.

सायलीच्या वहीत रात्री दीडच्या रकान्यात लिहिलं होतं ‘आजी’. सव्वातीनला ‘आजी’. दुसऱ्या दिवशी एक वाजता, मग पहाटे पावणेचारला ‘आजी’. आठवडाभर एकही रात्र सुटलेली नव्हती.

आजी गणपतीच्या आधी मोरीत पडल्या होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. रात्री दोन-तीनदा लघवीला न्यावं लागायचं, धरून, हळूहळू. सायली तेव्हा हॉलमध्ये उशिरापर्यंत अभ्यास करत बसायची, म्हणून पहिल्या रात्री तिनेच नेलं. दुसऱ्या रात्रीही. पुढे तिचं अंथरूणच आजीच्या शेजारी पडायला लागलं. कुणी सांगितलं नाही, कुणी ठरवलं नाही. भाऊ? ‘तो उठतच नाही,’ सायली म्हणाली, आणि हसली. पहाटे तिला निघायचं असायचं म्हणजे आईला साडेचारच्या आत उठून डबा करायचा. मग आईची झोप मोडायला नको, म्हणून ही उठायची.

वडिलांच्या कागदावर या झोपेचा हिशेब कुठेच नव्हता. गाडीचे चार तास डोळ्यांना दिसत होते, सगळं खापर त्यांच्यावर फुटलं.

पुढच्या बैठकीला मी आईला एवढंच विचारलं, ‘सायली हॉस्टेलला गेली तर रात्री सासूबाईंकडे कोण बघेल?’

‘मीच. दुसरं कोण?’

वडील बायकोकडे बघत राहिले. रात्रपाळीच्या आठवड्यात ते घरी नसत, बाकीच्या आठवड्यांत झोपलेले असत. आईंना सगळं माहीत होतं. मुलगी गेली की रात्रही आपल्यावर येणार हे त्यांना दिसत होतं, पण ते बोलून दाखवलं तर ‘स्वतःच्या सोयीसाठी पोरीला अडवते’ असं होणार. म्हणून मग ताजं जेवण आणि डोळ्यासमोर असणं. मी त्यांना दोष देत नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या बाईने झोपेची धास्ती घ्यावी यात गैर काय? आणि सायलीचं ‘तुम्ही ठरवा’ हेही त्यातलंच. जायचं म्हटलं तर आईवर भार, राहायचं म्हटलं तर केट्या.

आता कुणी म्हणेल, मग तर हॉस्टेलच बरं, मुलगी सुटेल त्यातून. मला ते पटलं नाही. घरातली सोय मोडून पळाल्यासारखी ती गेली असती तर तिथे झोपली असती का, शंका आहे. शिवाय वर्षाच्या मधे हॉस्टेल मिळतही नव्हतं. कॉलेजची हॉस्टेलं आधी लांबच्या जिल्ह्यातल्या मुलींना जागा देतात, लोकलच्या टापूतल्यांचा नंबर मागे असतो.

म्हणून मे महिन्यापर्यंत फक्त रात्रीचं बघायचं ठरलं. आजीच्या पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आली. हाडाच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती, ‘घरात बरं दिसत नाही’ म्हणून राहिली होती. आजींची रक्तदाबाची एक गोळी लघवी वाढवणारी होती आणि त्या ती संध्याकाळी घ्यायच्या. डॉक्टरांना विचारून ती सकाळी गेली. दिवसपाळीच्या आठवड्यात हॉलमध्ये वडील झोपायचे, रात्रपाळीत आई, शनिवार-रविवारी भाऊ. भावाने पहिल्या शनिवारी खरंच हाका ऐकल्या नाहीत. आजींनी काठीने ढोसून उठवलं. मग यायला लागली त्याला जाग.

सायलीचं अंथरूण आतल्या खोलीत गेलं. त्या उन्हाळ्यात मॅथ्स सुटला, मेकॅनिक्स राहिला. तो पुढच्या खेपेला सुटला. अप-डाऊन चालूच होती.

इथे गोष्ट संपली असती तर मी ‘घरच बरं’ असं लिहून मोकळी झाले असते. पण दुसऱ्या वर्षी सायली पुन्हा आली, या वेळी स्वतःहून, एकटी. झोप ठीक होती. म्हणाली, ‘मॅडम, मला ग्रुपमध्ये नेहमी रिपोर्ट टाइप करायला देतात.’

प्रॅक्टिकल पाचला संपतं. त्यानंतर लॅब उघडी असते, पोरं-पोरी सातपर्यंत बसतात, सर्किट जोडतात, जळवतात, परत जोडतात. सायली पाचला निघायची, कारण कर्जतच्या गाड्या मोजक्या. ती चुकली की कल्याण नाहीतर बदलापूर गाडी पकडून पुढच्या गाडीची वाट बघत प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं. जी थांबत नाही तिच्या वाट्याला घरी नेता येण्यासारखं काम. त्यातून कुणी मुद्दाम तिला डावललं असंही नाही. पण इंजिनिअरिंगला येऊन सोल्डरिंग गन हातात न घेता ती वर्डमध्ये मार्जिन लावत बसली होती.

हे मात्र गाडीनेच खाल्लं होतं. आता हॉस्टेलचा विचार करायला खरं कारण होतं, आणि ते तिचं होतं.

पैशांचं बोलणं तेव्हा निघालं. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. सायली त्यात बसली. पण राहण्या-जेवणाचा खर्च त्यात येत नाही, आणि मुंबईत तोच खरा. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी योजना आहेत: अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी स्वयं, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. प्रत्येकीच्या अटी निराळ्या. सायलीच्या घराला उत्पन्नाची अट आडवी आली. तुमच्याकडे येईलच असं नाही, म्हणून समाजकल्याण, आदिवासी विकास किंवा बहुजन कल्याण, ज्याचं असेल त्या कार्यालयात जाऊन विचाराच. अप-डाऊनचा खर्च त्या मानाने किरकोळ, कॉलेजने सवलतीचा फॉर्म दिला की पास निम्म्या दरात.

मुलुंडला मामा राहतात. ‘मामाकडे ठेवू का?’ हे मला आईंनी विचारलं. तिन्ही पर्यायांत मला हा सगळ्यात अवघड वाटतो आणि मी ते तोंडावर सांगते. हॉस्टेलात भाडं दिलं की संपलं. मामीच्या घरी भाडं नसतं, म्हणून मुलगी भांडी घासून, मामेभावंडांचा अभ्यास घेऊन, उशिरा आल्याबद्दल ओशाळून ते फेडत राहते. मामी बिचारी चांगली असते, तिलाही बोलता येत नाही. ठेवायचंच असेल तर महिन्याचे पैसे आधी ठरवा आणि हातात द्या. ‘नात्यात पैसे कसले’ असं उत्तर आलं, तर तिथे ठेवू नका.

शेवटी परळला कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेच्या भाड्यावर, जागा मिळाली, एका खोलीत चौघी. बघायला वडील आणि सायली रात्री नऊला गेले, माझ्या आग्रहावरून. दुपारी सगळीच हॉस्टेलं नीटनेटकी दिसतात. नऊला कळतं गेटवर कोण बसतं, गल्लीत दिवे आहेत का, नळाला पाणी आहे का, मुली हसतायत की दारं लावून बसल्यात. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते हेही त्यांना तिथल्या मुलींकडूनच कळलं, मालकिणीकडून नाही. डिपॉझिटची पावती वडिलांनी मागून घेतली.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. दिवा कधी बंद करायचा यावरून खोलीत भांडण, पोळ्या चिवट, वजन उतरलं. आईंचा मला फोन: ‘बघा, मी म्हणत होते.’ मी सांगितलं, दिवाळीपर्यंत काही ठरवायचं नाही. नव्या जागेतल्या पहिल्या महिन्यावरून तिथलं पुढचं काहीच सांगता येत नाही, ना चांगलं, ना वाईट. दिवाळीला सायली घरी आली ती बोटावर भाजल्याची खूण घेऊन, सोल्डरिंगची. ‘राहते,’ म्हणाली. शनिवारी रात्रीच्या कर्जत लोकलने येते, सोमवारी पहाटे खिडकीत बसून परत.

हे सगळ्यांना लागू नाही, म्हणून उलटं एक सांगते. तळेगावचा एक मुलगा माझ्याकडे ऑनलाइन यायचा. कॉलेज शिवाजीनगरला, पाऊण तासाची लोकल. पण वडिलांचं म्हणणं, ‘बाहेर राहिल्याशिवाय मुलगा घडत नाही.’ ते स्वतः सोलापूरकडच्या खेड्यातून येऊन खोलीवर राहिले होते, स्वतः रांधून शिकले. मुलाला संध्याकाळी तबल्याचा क्लास आणि तिथली दोस्तमंडळी होती. हॉस्टेलवर ते तुटलं आणि त्याच्या जागी काही आलंच नाही. खोलीत पडून मोबाइल. दुसऱ्या सेमिस्टरला तो घरी परत आला, त्याचं छान चाललंय. वडिलांना अजून वाटतं की पोरगं कच्चं निघालं. त्या बाबतीत मी त्यांना हलवू शकले नाही.

सायलीच्या घरी आता तिसऱ्या वर्षाची चर्चा चालू आहे. आजी वॉकर घेऊन एकट्या जातात. सायलीला ऐरोलीला इंटर्नशिप मिळण्यासारखी आहे, म्हणजे ठाण्याला गाडी बदलायची, आणि मग परळचं भाडं भरत राहायचं की वांगणीहून ये-जा करायची हा प्रश्न नव्याने आला. गेल्या आठवड्यात फोन आला, या खेपेला वडिलांचा. त्यांनी कागदावर तास मांडून ठेवलेच होते. मी म्हटलं, कागद राहू द्या, आधी तिला विचारा की तिथे संध्याकाळी किती वाजेपर्यंत काम करू देतात.