टेंडन शिवली, बोटं वळतात, पण रात्री हात बधिर होतो. हे दुखणं खरं की मनाचं?

तुम्ही लिहिलंय, मनगटाजवळची टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, शिवून तीन महिने झाले, बोटं वळतात, रात्री मुंग्या येतात आणि घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. ते शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही.

आमचं कोल्हापुरी चपलांचं काम. कातडं कापताना रापी सटकली ती थेट डाव्या मनगटात. तर्जनीची टेंडन तुटली, शिवली, सहा आठवडे स्प्लिंट. बोट वळायला लागलं तसं दादानं ठरवून टाकलं, हात बरा झाला. पुढं महिन्याभरात रात्री दोन-अडीचला जाग यायला लागली. थर्मामीटर झटकतात तसा हात झटकला की जरा बरं वाटायचं. खिशातलं नाणं एकचं की दोनचं, बोटांना कळायचं नाही. कातड्याची कड चिमटीत धरली की सुटायची. दादाचं एकच, "बोट हलतंय न्हवं? मग कामाला काय धाड भरलीय?" वर तालमीत नेऊन दोन आठवडे तेल लावून चोळून घेतलं. सूज वाढली, बाकी काही नाही.

अहो, बोट वळवते ती टेंडन, स्पर्श कळतो तो नसेमुळं, म्हणजे मज्जातंतूमुळं. मनगटाच्या बोगद्यात नऊ टेंडन आणि एक मिडियन नस, वरून घट्ट पट्टा. जखमेनंतर टेंडनची आवरणं सुजली, चिकटली की चेंगरते ती नस. डॉक्टरांनी आधी विचारलं, "करंगळीला मुंग्या येतात?" नाही म्हटलं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अर्धी अनामिका, एवढाच त्या नसेचा इलाका. करंगळीची नस दुसऱ्या वाटेनं जाते. मनाचे खेळ असते तर करंगळी बरी सुटली!

एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगानं जातो ते बघणाऱ्या तपासणीत नस दबलेली निघाली. अंगठ्याच्या बुडाचं मांस बसत चाललं होतं, म्हणून पट्टा कापून नस मोकळी केली. मुंग्या लवकर गेल्या, चिमटीला महिने लागले.

तुम्हाला ऑपरेशन लागेलच असं नाही, रात्री मनगट सरळ ठेवणाऱ्या स्प्लिंटवरही काहींचं भागतं. शुगर, थायरॉइड बघून घ्या. आणि हो, बधिरपणा जखमेच्या दिवसापासूनच असेल तर नसच कापली गेलेली असू शकते, मग उद्याच दाखवा.

रिपोर्टची झेरॉक्स मी दुकानात गल्ल्याच्या काचेखाली लावलीय. दादा तिच्यावर कॅल्क्युलेटर ठेवतो.