कळशीच्या पोटात तुम्ही दिसताय

प्रश्न : नाशिकच्या भांडी बाजारात आमचं तीन पिढ्यांचं दुकान आहे. मुलगी बारावी सायन्स झाली. ६१ टक्के, सीईटीला ५४ पर्सेंटाइल. खासगी कॉलेजात इंजिनिअरिंगची सीट मिळतेय, फी भरायची तयारी आहे. तिच्या डोक्यात मात्र फोटोग्राफीचं खूळ. म्हणून मी अट घातली : दिवाळी अंकात आपल्या दुकानाची पानभर जाहिरात द्यायची आहे, तिचा फोटो आठ दिवसांत काढून दाखव. जमलं तर विचार करू, नाहीतर गुपचूप ॲडमिशन घ्यायची. तिने काढलेले ६ फोटो सोबत पाठवतोय. भांड्यांत ट्यूबलाइट दिसते, मोबाइल दिसतो. ओळखीचे एक जण म्हणतात, दीड लाखाचा कॅमेरा आणि पोलरायझर फिल्टर घेतला की प्रतिबिंब जातं. एवढा खर्च करावा का? जिला साधं ताट टिपता येत नाही, ती उद्या पोट कसं भरणार?
— एक पालक, नाशिक

उत्तर : तिसरा फोटो जरा मोठा करून बघा. मधली पितळी कळशी. तिच्या पोटात वर ट्यूबलाइटची पांढरी पट्टी आहे, खाली तुमच्या मुलीचा गुलाबी कुर्ता आणि हातातला मोबाइल आहे, आणि तिच्या खांद्यामागे कमरेवर हात ठेवून एक गृहस्थ उभे आहेत. चौथ्या फोटोतही ते आहेत. पाचव्यात नुसतं कोपर दिसतं. ते तुम्हीच असणार.

६१ टक्क्यांची किंवा ५४ पर्सेंटाइलची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती त्या कोपराची. परीक्षा तुम्ही ठरवली, वेळ तुम्ही दिली, पर्यवेक्षक म्हणून मागे तुम्हीच उभे राहिलात, पेपर तुम्हीच तपासला आणि निकाल आधीच लिहून ठेवला होता. त्यात दुकान चालू, गिऱ्हाईक समोर, आणि जाहिरातही आपल्याच दुकानाची! फुकटात झाली तर बरंच, असा हिशोब त्यामागे नव्हता असं मी धरून चालते. पण दोन पानी पत्रात तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही. तिला काय करायचंय हे मला तुमच्या 'खूळ' या एका शब्दावरून ओळखायचं आहे.

आणि परीक्षा तरी कोणती! 'साधं ताट' असं तुम्ही लिहिता. चकचकीत धातू हा वस्तूंच्या फोटोग्राफीतला सगळ्यात अवघड पेपर आहे. पोहता येतं का हे बघायला पोरीला पुराच्या गोदावरीत दुतोंड्या मारुतीपाशी ढकलावं, तसं झालं हे. लाकडी पाट, मातीचा माठ, विणलेली टोपली यांच्यावर उजेड पडला की तो सगळीकडे पसरतो आणि वस्तू दिसते. स्टीलचं तसं नाही. त्याला स्वतःचा चेहराच नाही. समोर जे असेल ते ते दाखवतं. त्यामुळे स्टीलवर उजेड टाकून काही होत नाही. स्टीलला जे दिसतं, त्यावर उजेड टाकावा लागतो. तुमच्या दुकानात त्याला ट्यूबलाइट, गुलाबी कुर्ता आणि तुम्ही दिसलात. त्याने ते प्रामाणिकपणे दाखवलं.

आता त्या फिल्टरबद्दल, कारण हा गैरसमज बऱ्याच जणांचे पैसे खातो. पोलरायझर म्हणजे लेन्सपुढे लावायचा, उजेडाचा काही भाग गाळणारा फिल्टर. तो काच, पाणी, पॉलिश केलेलं लाकूड, चिनी मातीची झिलई यांच्यावरचं प्रतिबिंब बऱ्यापैकी काढतो, तेही ठरावीक कोनातच. काचेसाठी हा कोन पृष्ठभागाला काढलेल्या लंबापासून साधारण ५६ अंशांचा असतो. उघड्या धातूवरून परतलेला उजेड मात्र तसा गाळला जात नाही. स्टीलसमोर फिल्टर गोल गोल फिरवत बसलात तरी ट्यूबलाइट जागची हलणार नाही. दिव्यावरही पोलरायझिंग फिल्म लावली तर धातूवरची चमक मारता येते, पण मग ताट शिशाच्या पत्र्यासारखं काळंमंद पडतं. चमक मारायचा स्प्रे मारला तरी तीच गत : स्टीलचं ॲल्युमिनियम होतं. प्रतिबिंब गेलं की स्टीलही गेलं. ते घालवायचं नसतं, आपल्याला हवं ते त्यात भरायचं असतं. तुमच्या ओळखीच्यांनी नेमकं उलटं सांगितलं.

कॅमेऱ्याचा हिशोब सोपा आहे. ए-फोर आकाराचं पूर्ण पान ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायला २४८० गुणिले ३५०८, म्हणजे साधारण ८७ लाख पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेलचा, जुना, वापरलेला कॅमेरा त्याला पुरून उरतो. मोबाइलची अडचण पिक्सेलची नाहीच. त्याची लेन्स रुंद असते, म्हणून भांड्याच्या अगदी जवळ जावं लागतं. मग कळशीचं पोट सुटल्यासारखं दिसतं आणि त्यात आपणही मोठे दिसतो. ८५ ते १०० मिलिमीटरची लेन्स घेऊन लांब उभं राहिलं की दोन्ही आटोक्यात येतं. दीड लाख खिशातच ठेवा.

हे पुढचं तिला वाचायला द्या. आणि ती वाचत असताना मागे उभे राहू नका.

सहा भांडी एकदम घ्यायची नाहीत. एक स्टीलचा तांब्या घे आणि एक ताट. पितळ आणि स्टील शेजारी ठेवलंस तर स्टीलवर पिवळी झाक येते. तुझ्या दुसऱ्या फोटोत फुलपात्राची कड पिवळी दिसते ती त्यामुळे. खोलीतल्या ट्यूब बंद, खिडकी झाकलेली, काळे किंवा गडद कपडे, आणि पंखाही बंद, कारण कागद फडफडला की प्रतिबिंब हलतं. दिवे एकाच जातीचे हवेत. पांढरी एलईडी आणि पिवळा बल्ब एकत्र आले तर स्टीलवर दोन रंगांचे पट्टे पडतात आणि ते नंतर निघता निघत नाहीत.

मग टॉर्चचा प्रयोग कर. लेन्स जिथे असणार तिथे एक डोळा ठेव आणि दुसऱ्या कुणाला तरी टॉर्च घेऊन भांड्याभोवती फिरायला सांग. टॉर्च जिथे जिथे नेल्यावर भांड्यात चमकते, ती जागा भांडं 'बघतं'. तिथेच पांढरा कागद यायला हवा. ताट सपाट आहे, म्हणून त्याला आकाशाचा एकच तुकडा दिसतो : कॅमेरा समोरून ४० अंशांवरून खाली बघत असेल, तर ताट पलीकडच्या बाजूला तेवढ्याच कोनात वर बघतं. तिथे एक मोठा कागद ताणून पाठीमागून उजळला की ताटाचं काम बरंचसं झालं. तांब्याचं पोट गोल आहे, त्याला जवळजवळ अख्खी खोली दिसते. म्हणून तांब्या अवघड.

तांब्याच्या दोन्ही बाजूंना, साधारण फुटाभरावर, ट्रेसिंग पेपरचे दोन उभे पडदे लाव. समोर फक्त लेन्स मावेल एवढी फट ठेव. दिवे पडद्याच्या बाहेर. दिवा कागदापासून तीन फूट लांब असेल तर सगळा कागद एकसारखा पांढरा होतो आणि भांडं सपाट, निर्जीव दिसतं. एक-दीड फुटावर आणलास की मधोमध उजळ आणि कडेला हळूहळू मंद होत जातं. भांड्याची गोलाई डोळ्यांना जाणवते ती या उतरत्या उजेडामुळे. दोन्ही दिव्यांचं अंतर सारखं ठेवू नकोस. एक बाजू जड, एक हलकी.

आता नवखे हमखास विसरतात ती गोष्ट : काळा कागद. सगळीकडे पांढरंच असेल तर तांब्याची कड पांढऱ्या पार्श्वभूमीत विरघळते. एक-दोन इंच रुंदीच्या काळ्या चार्ट पेपरच्या पट्ट्या कापून चौकटीच्या जरा बाहेर, पडद्यांच्या कडेला उभ्या कर. भांड्याच्या दोन्ही काठांवर बारीक काळी रेघ उमटेल आणि स्टील एकदम स्टील वाटायला लागेल. पट्टी अर्धा इंच इकडेतिकडे सरकली तरी रेघ जाड-बारीक होते. या सरकवण्यातच निम्मा दिवस जातो.

ताटाच्या तळावर पॉलिशच्या गोल गोल रेषा असतात, त्यामुळे उजेडाचा डमरू उमटतो : मध्ये निमुळता, दोन्हीकडे पसरत गेलेला. तुझ्या पहिल्या फोटोत तो आडवा आलाय आणि अपघातासारखा दिसतोय. ताट फिरवून उपयोग नाही, रेषा सगळीकडून सारख्याच असतात. दिवा हलवलास तरच डमरू फिरतो. मठाराचं काम केलेलं तांबं, म्हणजे पुण्याच्या तांबट आळीत घडतं तसं ठोक्याठोक्यांचं, याच्या उलट वागतं. तिथला प्रत्येक ठोका म्हणजे छोटा आरसा. मोठ्या मऊ पडद्यासमोर ते ठोके पुसले जातात. तिथे उजेडाची अरुंद पट्टी हवी, म्हणजे प्रत्येक ठोक्यात एकेक ठिणगी दिसते.

सेटिंग थोडक्यात : ट्रायपॉड, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र बारीक म्हणजे एफ ११, शटर लागेल तेवढं लांबू दे, दोन सेकंदांचा टायमर. पुढची-मागची कड दोन्ही शार्प हव्यात म्हणून छिद्र आणखी बारीक, एफ २२ करू नकोस, सगळंच चित्र किंचित मऊ होतं. त्यापेक्षा फोकस पुढून मागे सरकवत ४-५ फोटो घे आणि नंतर जोड. पोटासाठी चांगला पडलेला उजेड काठासाठी चांगला असेलच असं नाही. काठासाठी दिवा हलवून वेगळा फोटो घ्यायचा आणि फोटोशॉपमध्ये एकावर एक बसवायचा. पोटात मधोमध लेन्सचा काळा ठिपका राहील, तोही तिथेच पुसायचा. मासिकातल्या गुळगुळीत जाहिरातीत एका क्लिकचं चित्र क्वचितच असतं. यात फसवणूक नाही, कामच तसं आहे.

आणि सफाई. पितळ पितांबरीने घास, पण नक्षीत पांढरी भुकटी अडकते, ती जुन्या टूथब्रशने काढ. धुऊन लगेच सुती कापडाने कोरडं कर, पाण्याचा डाग कॅमेऱ्याला आधी दिसतो. त्यानंतर सुती हातमोज्यांशिवाय भांड्याला हात लावायचा नाही. बोटाचा ठसा कॉम्प्युटरवर पुसायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दहाव्या हिश्श्यात तो कापडाने जातो.

एवढं तिच्यासाठी. आता पुन्हा तुमच्याकडे.

रस्ते एका दमात सांगते, कारण ते माहितीपुस्तिकेत सापडतात. बारावीनंतर उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी, मुंबईचं सर जे. जे. किंवा पुण्याचं अभिनव कला महाविद्यालय, प्रवेशपरीक्षेचे नियम त्या त्या वर्षीचे बघा. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा फोटोग्राफी डिझाइनचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे आणि गांधीनगरला आहे. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेचा कॅमेऱ्याचा अभ्यासक्रम सिनेमासाठी आहे आणि तोही पदवीनंतरचा. किंवा कुठलीही पदवी घेता घेता स्टुडिओत सहायक म्हणून हात काळे करायचे.

पण माझा सल्ला रस्त्याचा नाहीच. तुम्ही 'इंजिनिअरिंग की फोटोग्राफी' असं विचारलंत. मी म्हणते, या सहा फोटोंवरून ती फोटोग्राफर होईल असंही कळत नाही आणि होणार नाही असंही नाही. उजेड तिला अजून कळत नाही, तो शिकता येतो. पण चौथा फोटो बघा : वाट्यांची उतरंड, एक वाटी मुद्दाम कलती, तिच्या कडेपासून पुढच्या पळीपर्यंत नजर आपोआप जाते. ही मांडणी तिला कुणी शिकवली नसावी. जाहिरातीच्या चित्रात मांडणी करणारा वेगळा माणूस असतो, त्याला स्टायलिस्ट म्हणतात, आणि पान कसं दिसावं हे ठरवणारा कलादिग्दर्शक आणखी वेगळा. तिचा कल तिकडे असू शकतो. तिला विचारलंय का कुणी?

एक कडू गोष्टही सांगते, म्हणजे मी फोटोग्राफीची दलाली करतेय असं वाटायला नको. पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकेक भांडं टिपायचं कॅटलॉगचं काम आकसत चाललंय. आयकिआसारख्या फर्निचर कंपनीच्या कॅटलॉगमधली बरीचशी चित्रं कॅमेऱ्याने काढलेली नसून संगणकावर रचलेली होती, आणि ते आत्ताचं नाही, दहाहून अधिक वर्षांपूर्वीचं. स्टीलची भांडी तर संगणकावर रचायला फार सोयीची. तिथेही पांढरा पडदा कुठे आणि काळी पट्टी कुठे हे रचणाऱ्याला ठाऊक असावंच लागतं, त्यामुळे वरची मेहनत वाया जात नाही. पण नुसतं बटण दाबून पोट भरेल या भ्रमात तिनेही राहू नये.

इंजिनिअरिंगच्या फीचा चेक इतक्यात फाडू नका. ज्या मुलीला ते नकोच आहे, तिच्या चार वर्षांच्या फीपुढे दीड लाखाचा कॅमेरा स्वस्त वाटावा.

दिवाळी अंकाच्या पानाची जबाबदारी तिच्याकडून काढून घ्या. नाशिकमध्येच वस्तूंचे फोटो काढणारा एखादा व्यावसायिक गाठा, त्याची रीतसर फी द्या, आणि छापखान्याकडून पानाचं नेमकं माप व चारही बाजूंना कापण्यासाठी सोडायची ३ मिलिमीटर जादा जागा, म्हणजे कटाई, विचारून घ्या. नमुना छापून बघितल्याशिवाय मंजुरी देऊ नका, चार रंगांच्या छपाईत स्टीलचा करडा रंग चटकन हिरवट किंवा गुलाबी होतो. अट एकच घाला : त्या दिवशी मुलगी सहायक म्हणून तिथे असेल, काळ्या पट्ट्या धरायला, भांडी पुसायला, मांडायला. दहा तासांनंतर ती वैतागून घरी येते की दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यात कोणता उजेड कुठून आलाय हे शोधत बसते, ते बघा. तुम्ही मात्र त्या दिवशी दुकानातच थांबा.

आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. पाकीट तुम्ही उघडून बघायचं नाही.