नोकरी घ्यावी की वकिली करावी?

प्रश्न : एलएल.बी. होऊन सनद मिळाली आहे. हिंजवडीतील एका कंपनीने विधी विभागात पूर्णवेळ नोकरी देऊ केली आहे. शिवाजीनगर न्यायालयात वकिली करणारे एक ज्येष्ठ मात्र जाण्या-येण्याच्या खर्चापुरतेच पैसे देणार आहेत. पुढे न्यायाधीशपदाची परीक्षा द्यायची इच्छा आहे. नोकरी स्वीकारावी का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : परीक्षेचा विचार पक्का असेल, तर स्वीकारू नये. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली; आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करताना वकिली करता येत नसल्याने, कंपनीचे करारनामे तपासण्यात गेलेली वर्षे त्यात धरली जातील, अशी आशा बाळगू नये. ज्येष्ठांनाही आधी स्पष्ट विचारावे, की साक्षी-पुरावा व युक्तिवाद करू देणार, की केवळ तारखा मागायला पाठवणार. (दुसरा प्रकार बराच आढळतो.) घरची गरज मोठी असेल, तर नोकरी घेण्यात कमीपणा नाही, मात्र सनद स्थगित ठेवण्यासाठी राज्य बार कौन्सिलला कळवावे आणि नियुक्तिपत्रातील बंधपत्राची व नोटीस कालावधीची अट सही करण्यापूर्वी वाचावी.