नकाशात पिवळी, घरात भट्टी

प्रश्न : मी नागपुरात आशा सेविका आहे. इंटरनेटवरच्या उष्णतेच्या नकाशात आमची टिनाच्या घरांची वस्ती पिवळी दिसते आणि शेजारचं रिकामं मैदान लालभडक! तिथे तर कुणी राहत नाही. उन्हाळ्यातल्या मदतीच्या याद्या यावरूनच होणार म्हणतात. नकाशा चुकलाय का?

उत्तर : ताई, नकाशा चुकलेला नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाहीच. असे बरेच नकाशे लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवरून होतात. तो आपल्यावरून जातो सकाळी साडेदहाच्या सुमारास, आणि मोजतो ते जमिनीचं नि छपरांचं तापमान, घरातल्या हवेचं नाही. मे महिन्यात उघडी कोरडी माती तोवर चांगलीच तापलेली असते. दाट वस्तीत गल्लीवर भिंतींची सावली असते. रात्री मात्र उलटं. मैदान लवकर निवतं आणि वस्तीतलं विटा-सिमेंट दिवसभर प्यायलेली उष्णता ओकत राहतं. शिवाय त्या उष्णतेच्या चित्रातला एक ठिपका १०० मीटर लांब-रुंद. तुमची गल्ली, नाला आणि पलीकडचा कडुनिंबाखालचा बंगला, सगळ्यांना एकच रंग.

एआय कामाला येतं ते छपरं ओळखायला. बारकाईने टिपलेल्या चित्रांतून टिन, कवेलू, स्लॅब वेगळे काढून ते हजारो घरं झटपट मोजतं. अशीच एक यादी पडताळायला मी एका वस्तीत गेले होते. गळतीसाठी टिनावर निळी ताडपत्री टाकलेली घरं यादीतून सुटली होती. त्यातल्या एका घरात आजी ओलं लुगडं अंगावर घेऊन बसल्या होत्या. कूलर होता, त्यात टाकायला पाणी नव्हतं. हे वरून कुठल्याच यंत्राला दिसत नाही, तुम्हाला दिसतं.

आणि घर सुटणं ही किरकोळ बाब नाही. अहमदाबादेत मे २०१० मध्ये उष्णतेच्या लाटेत एरवीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, त्यानंतर २०१३ मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा आला.

म्हणून नवतपा (मे अखेरीपासूनचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागायच्या आत दहा घरं निवडा. साधा थर्मामीटर खांद्याच्या उंचीवर टांगा, टिनाला चिकटून नको, कूलरसमोर नको. दुपारी तीन, रात्री दहा आणि पहाटे पाचचा आकडा लिहा. सोबत छप्पर कशाचं, नळ किती वाजता येतो, एकटं म्हातारं माणूस आहे का, हेही. तो कागद नकाशाच्या प्रिंटला जोडून वॉर्ड कार्यालयात द्या आणि पोच घ्या. दुपारचा आकडा एखाद्या दिवशी राहिला तर राहू द्या, रात्री दहाचा चुकवू नका.