वाचकांचे प्रश्न : जपानीत घर बदलताना

या वेळी बहुतेक पत्रं जपानला निघालेल्या किंवा तिथे राहणाऱ्या वाचकांची आहेत. उत्तरांतले जपानी शब्द देवनागरीत आणि कानाला ऐकू येतात तसे दिले आहेत. जिथे ऽ दिसेल तिथे स्वर दुप्पट लांबवायचा. ते का महत्त्वाचं आहे, ते तिसऱ्या उत्तरात कळेल.

प्रश्न : ‘मी घर बदलतोय’ यासाठी मी ‘हिक्कोश्ते इमास’ म्हटलं, तर समोरच्याने विचारलं, ‘मग नवा पत्ता काय?’ माझं काय चुकलं?

तुम्ही म्हणालात, ‘मी राहायला गेलोय.’ म्हणून त्याने पत्ता विचारला.

‘ते इमास’ हे रूप शिकवताना ‘खातोय, वाचतोय’ अशी उदाहरणं दिली जातात आणि त्याचा अर्थ नेहमी ‘-तोय’ असतो असं डोक्यात बसतं. पण हिक्कोसु (घर बदलणं) हे एका क्षणात स्थिती बदलणारं क्रियापद आहे. आधी तुम्ही जुन्या घरात असता, नंतर नव्या. अशा क्रियापदांना ‘ते इमास’ लावलं की बदल होऊन गेलाय आणि ती स्थिती टिकून आहे, असा अर्थ होतो. केक्कोन श्ते इमास म्हणजे लग्न झालंय. लग्न चाललंय असं नव्हे. मराठीत हा फरक आपण न शिकता करतो. ‘तो बसतोय’ आणि ‘तो बसलाय’ यांत कोणी गोंधळत नाही. तेव्हा हिक्कोश्ते इमास म्हणजे ‘गेलोय’ हे पक्कं लक्षात ठेवा.

सामान हलवणं प्रत्यक्ष चालू असेल तर ‘इमा, हिक्कोशि नो साइचूऽ देस’ म्हणा. बांधाबांध चालू असेल तर ‘हिक्कोशि नो जुन्बि ओ श्ते इमास’, म्हणजे तयारी करतोय. पुढच्या महिन्यात जायचं असेल तर साधं ‘राइगेत्सु हिक्कोशिमास’.

बातमी सांगताना मात्र आणखी एक रचना लागते. ‘हिक्कोसु कोतो नि शिमाश्ता’ म्हणजे जायचं ठरवलंय, आणि ‘हिक्कोसु कोतो नि नारिमाश्ता’ म्हणजे जायचं ठरलंय. शिक्षक, साहेब, शेजारी यांना सांगताना निर्णय स्वतःचा असला तरी दुसरं रूपच शोभतं, कारण पहिल्यात ‘मी ठरवलं’ हा सूर पुढे येतो. नोकरीत बदली झाली असेल तर ‘तेन्किन दे’ हे शब्द आधी जोडा : तेन्किन दे ओऽसाका नि हिक्कोसु कोतो नि नारिमाश्ता.

प्रश्न : ‘शिफ्ट होणे’ आणि ‘घर बदलणे’ यांचं शब्दशः भाषांतर चालेल का? आणि जागेच्या नावापुढे ‘नि’ लावायचं की ‘दे’?

शिफ्ट अजिबात नको. जपानीत शिफुतो म्हणजे कामाच्या पाळ्यांचं वेळापत्रक. ‘शिफुतो गा कावारिमाश्ता’ म्हटलंत तर ड्यूटीची वेळ बदलली असा अर्थ होईल. ‘इए ओ काएरु’ हे घर बदलण्याचं शब्दशः भाषांतरही टाळा. घरातच काही फेरफार करताय की काय, असं ऐकणाऱ्याला वाटू शकतं. एकटं हिक्कोसु पुरेसं आहे. जिथून निघालात तिथे ‘कारा’ आणि जिथे पोचलात तिथे ‘नि’ : तोऽक्योऽ कारा ओऽसाका नि हिक्कोशिमाश्ता. राहण्यासाठीही ‘नि’च : पुने नि सुन्दे इमास. मराठीतल्या ‘पुण्यात’मधल्या ‘-त’मुळे ‘दे’ तोंडात येतं. पण ‘दे’ हे जिथे एखादी कृती घडते त्या जागेसाठी.

शेजारी राहायला आले की गेले, हे जपानीही मराठीसारखंच सांगते. आले तर हिक्कोश्ते किमाश्ता, गेले तर हिक्कोश्ते इकिमाश्ता.

प्रश्न : घरमालकाला फोन केला असं सांगितलं, तर ‘आई-वडील कसे आहेत?’ असं विचारलं गेलं.

घरमालक म्हणजे ओऽया, आणि आई किंवा वडील म्हणजे ओया. मराठीत ‘ओ’ आखूड आणि लांब असा भेद अर्थ बदलत नाही, म्हणून आपण तो ऐकत नाही आणि उच्चारतही नाही. जोडाक्षराचा ठोका मात्र आपल्याला सहज जमतो. हिक्कोशितला ‘क्क’ पक्कामधल्यासारखाच आहे. सरावाचा वेळ लांब स्वरांवर घालवा. ओऽया म्हणताना ‘ओ-ओ-या’ अशा तीन टाळ्या वाजवा आणि पुढे नेहमी ‘सान’ लावा. स्वतःच्या आई-वडिलांबद्दल बोलताना ‘ओया’ला ‘सान’ लावत नाहीत, त्यामुळे स्वर थोडा आखूड झाला तरी अर्थ सावरतो.

घर सोडण्याची सूचना देताना हिक्कोसुऐवजी ‘ताइक्यो’ हा करारातला शब्द वापरा : राइगेत्सु-मात्सु दे ताइक्यो श्ताइन देस गा, म्हणजे पुढच्या महिन्याअखेर घर सोडायचंय. किती दिवस आधी कळवायचं हे करारात लिहिलेलं असतं. साधारण एक महिना असतो, तरी करार उघडून बघाच.

प्रश्न : सामान हलवणाऱ्या कंपनीला फोन करताना काय बोलायचं?

सुरुवात अशी : हिक्कोशि नो मित्सुमोरि ओ ओनेगाइ श्ताइन देस गा. मित्सुमोरि म्हणजे खर्चाचा अंदाज. दोन-तीन कंपन्यांकडून घेतला तर त्याला आइमित्सुमोरि म्हणतात, आणि तसं घेत असल्याचं उघड सांगण्यात काही गैर नाही. एप्रिलमध्ये शाळा आणि कंपन्यांचं नवं वर्ष सुरू होतं, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये दर चढलेले असतात.

तिकडून तारीख, माणसं आणि सामान विचारतील. एकटे असाल तर ‘तान्शिन देस’. खोके साधारण वीस असतील तर ‘दान्बोऽरु वा निजुक्को गुराइ देस’. फ्रीज आणि वॉशिंग मशीन ‘दाइ’ लावून मोजा : रेइज़ोऽको इचिदाइ, सेन्ताकुकि इचिदाइ.

मग ‘नान्काइ देस का?’, कितवा मजला? इथे सांभाळा. आपला तळमजला हा त्यांचा पहिला, इक्काइ. आपला पहिला मजला निकाइ आणि दुसरा सांगाइ. लिफ्ट नसलेल्या इमारतीत मजल्यावर खर्च अवलंबून असतो; एक मजला कमी सांगितला तर माणसं आल्यावर वाद होतो.

खोक्यांवर दोन शब्द दिसतील. वारेमोनो म्हणजे फुटणारी वस्तू. दुसरा तेन्चि मुयोऽ. ‘तेन्चि’ म्हणजे आकाश आणि पृथ्वी, अर्थात वर-खाली. मुयोऽचा नेहमीचा अर्थ ‘गरज नाही’, म्हणून कित्येक जपानी माणसंही ‘वर-खाली कसंही ठेवा’ असं वाचतात. इथे मुयोऽ म्हणजे मनाई : उलटं करू नका.

प्रश्न : महापालिकेतल्या तीन फॉर्मची नावं सारखीच वाटतात.

तिन्हींत ‘तेन’ म्हणजे हलणं आणि ‘तोदोके’ म्हणजे कळवण्याचा अर्ज. फरक मधल्या तुकड्यात आहे. शुत्सु म्हणजे बाहेर, न्यूऽ म्हणजे आत, क्यो म्हणजे वास्तव्य. दुसऱ्या गावी जाताना जुन्या कार्यालयात तेन्शुत्सु-तोदोके देऊन दाखला घ्यायचा आणि नव्या घरात आल्यापासून १४ दिवसांत नव्या कार्यालयात तेन्न्यूऽ-तोदोके द्यायचा. सोबत रहिवासी कार्ड, म्हणजे ज़ाइर्यूऽ काऽदो, न्यायचंच. त्यावर नवा पत्ता लिहून मिळतो. त्याच गावात घर बदललं तर फक्त तेन्क्यो-तोदोके, तोही १४ दिवसांत. तोक्योतल्या २३ विभागांपैकी एकातून दुसऱ्यात जाणं हे गाव बदलणंच धरलं जातं.

टपाल कार्यालयातल्या पत्ताबदलाच्या अर्जालाही तेन्क्यो-तोदोकेच म्हणतात. तो दिला की जुन्या पत्त्यावरची पत्रं एक वर्ष नव्या पत्त्यावर येतात. दोन्ही अर्ज वेगळे आहेत. एक भरल्याने दुसरा होत नाही.

प्रश्न : शेजाऱ्यांना भेटायला जायचं का, आणि काय म्हणायचं?

शहरांतल्या एकट्या राहणाऱ्यांमध्ये ही पद्धत कमी होते आहे. कुटुंब असेल तर मात्र जरूर जा. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत आधी झालेली ओळख पुढचे गैरसमज टाळते. जुना संकेत ‘मुकोऽ सान्गेन र्योऽदोनारि’, म्हणजे समोरची तीन आणि दोन्ही बाजूंची एकेक घरं. फ्लॅटमध्ये दोन्ही बाजू आणि वरचं-खालचं घर. एदो काळापासून (सतरावं ते एकोणिसावं शतक) या वेळी सोबा शेवया देत, कारण सोबा या शब्दाचा दुसरा अर्थ ‘जवळ’. आता टॉवेल किंवा टिकणारी मिठाई नेतात, ५०० ते १,००० येनची. महागडी वस्तू दिली तर परतफेडीचं ओझं होतं.

दारात इतकंच : तोनारि नि हिक्कोश्ते किमाश्ता कुलकर्णी तो मोऽशिमास. योरोशिकु ओनेगाइ शिमास. म्हणजे ‘शेजारी राहायला आलेला मी कुलकर्णी, लोभ असू द्या.’ भेट देताना ‘होन्नो किमोचि देस गा’, म्हणजे छोटीशी भेट आहे. दिवसा जा, जेवणाची वेळ टाळा. दोन-तीनदा जाऊनही कोणी भेटलं नाही, तर दोन ओळींची चिठ्ठी भेटवस्तूसह दाराशी ठेवा.